सिल्व्हिया सापडली त्या रात्री तुम्ही भिवंडीत

पायातले बूट काढा, मोबाइल खिशातून बाहेर ठेवा. जिथे जायचं आहे तिथे दोन्हींचा उपयोग नाही, आणि बूट घालून भिवंडीच्या बंदरावर उतरलात तर गावातली सगळी पोरं मागे लागतील. डोक्याला मात्र काहीतरी गुंडाळा. मे महिना आहे.

यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतोय ना? तो कानात धरूनच मागे सरकायचं आहे. गोदामांचे पत्रे जाऊ द्या, कंटेनरच्या रांगा जाऊ द्या, उड्डाणपूल आणि विजेच्या तारा जाऊ द्या. खडखडाट विरळ होत जाईल. हजार मागांचे शंभर होतील, शंभराचे दहा, आणि शेवटी एकच उरेल. खट्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा खट्. हा हातमाग आहे. पोहोचलात तुम्ही. साल १८६६, मे महिन्याची १६ तारीख, बुधवार, दुपार टळायला आलेली.

तळपायांना चटका बसला ना, पळा सावलीत! समोरच्या कुडाच्या घरातून कुणीतरी हाक मारतंय, "भीतर आय जाव, भइया." वाकून आत शिरा. डोळ्यांपुढे अंधारी येईल, पण नाक लगेच कामाला लागेल. तांदळाच्या पेजेची आंबूस खळ, ओलं सूत, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यातला हुक्का. हळूहळू माणूस दिसू लागतो. जमिनीत खड्डा खणलाय, त्यात पाय सोडून तो बसलाय. पायांनी खालच्या पावड्या दाबतोय आणि हातांनी धोटा या बाजूने त्या बाजूला फेकतोय. बायको कांड्या भरते आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी हे कुटुंब उत्तरेतून दक्षिणेकडे चालत निघालं, आग्र्याच्या रस्त्याने इथवर आलं आणि इथेच राहिलं. का निघालं ते विचारू नका. तो विषय निघाला की घरातली म्हातारी उठून आत जाते.

लुगडं विणलं जातंय. हजारभर धागे ताणलेले आहेत, आणि विणकर कापडाकडे बघतसुद्धा नाही. बोटं पुढे सरकवत नेतो, एका जागी थांबतो, एक धागा उचलतो. हा फणीच्या चुकीच्या घरात गेला होता. तुम्ही नाक लावून पाहिलंत तरी तुम्हाला कळणार नाही. त्याची ही बोटं लक्षात ठेवा, रात्री आठवायची आहेत.

पाणी प्या आणि निघा. बाजारपेठेतून जाताना अंगाला काहीतरी चिकटतंय. कोंडा! भिवंडी म्हणजे भाताचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतलं भात इथे येतं, इथेच कांडलं जातं आणि पडावांतून मुंबईला जातं. ओट्याओट्यावर घिरटं घरघरताहेत, मुसळं पडताहेत, बायका सुपं पाखडताहेत. हवेत तुसाचा सोनेरी धूर भरलाय आणि तो तुमच्या घामावर बसतोय. दहा पावलांत मान खाजू लागते. बायका मुसळाच्या ठेक्यावर गाताहेत, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालताहेत. एकीचा ताल क्षणभर जरी चुकला तरी दुसरीच्या हातावर मुसळ बसेल. चुकत नाही कुणाचा.

पुढे कासार आळीत बांगड्यांची किणकिण, तेल्याच्या घाण्याची कुरकुर, वैरणीवरून बैलांची झटापट. डोंगरातून उतरलेली एक कातकरीण मोळी टेकवून बसली आहे आणि पळसाच्या द्रोणात करवंदं विकते आहे. घ्या एक द्रोण. बोटं चिकट होतील, दात काळे होतील, पण अशी करवंदं तुम्ही पुन्हा खाणार नाही.

बंदरावर पोचेपर्यंत ओहोटी लागलेली असते. खाडीचा चिखल उघडा पडलाय, त्यात निवट्या टणाटण उड्या मारताहेत आणि तिवरांच्या मुळांतून बुडबुड आवाज येतोय. वास विचाराल तर सुके बोंबील, जवळा, डांबर, कुजका पाला आणि खारं वारं, सगळं एकदम. पहिल्यांदा पोटात ढवळतं. थोडं थांबा. घटकाभरात हा वास तुम्हाला भूक लावेल.

आगोट जवळ आली आहे म्हणून बंदरावर ही गर्दी. पाऊस सुरू झाला की खाडीतली शिडं उतरतील, खेड्यांच्या वाटा बुडतील, चार महिने जे घरात असेल त्यावर दिवस काढायचे. म्हणून मीठ भरून ठेवायचं, सुकी मासळी भरून ठेवायची, घरं शाकारायची, लाकूडफाटा रचायचा. आगरी बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन धावल्यासारख्या चालताहेत. एक तुमच्यासमोर थांबून डोळे बारीक करते. "कंच्या गावचं तुमी?" भिवंडीचेच म्हणा. खोटं नाही ते. ती विश्वास ठेवणार नाही, पण मुठीतला सुका जवळा तुमच्या हातावर ठेवून पुढे जाईल.

आता पश्चिमेकडे तोंड करा आणि उभे राहा, कारण सगळं गाव तसंच उभं राहू लागलंय.

अमावस्या होऊन दोन दिवस होत आलेत. मोहरमचा चंद्र दिसायचा आहे, हिजरी १२८३ सुरू व्हायचं आहे. काल संध्याकाळी घोळ झाला. कुणी म्हणतं दिसला, कुणी म्हणतं छे. दोष चंद्राचा नाही, राबाचा आहे. पेरणीआधी शेतात पालापाचोळा, शेण, गवत रचून जाळतात, त्या राबाचा धूर खाडीपलीकडे दाटून राहतो आणि कामण-तुंगारेश्वराच्या डोंगरांची कड पुसून टाकतो. तुमच्याही डोळ्यांत तो झोंबतो आहे. बंदर मोहल्ल्यातले म्हातारे तांडेल भुवयांवर हात धरून उभे आहेत. आयुष्यभर शिडाखाली उभं राहून किनारा शोधलेले हे डोळे, त्यांच्या शब्दाला वजन आहे. विणकर माग थांबवून आलेत, त्यांच्या दंडांवर अजून सुताची पिंजण आहे. पोरं भिंतींवर चढली आहेत. हिंदू शेजारीही आलेत, कारण ताबूत सगळ्या गावाचे.

तिकडे ब्राह्मण आळीच्या एका ओटीवरही चंद्राचाच विषय आहे. तिथे मात्र वर कुणी बघत नाही. सगळे खाली बघताहेत, पंचांगात. केरूनाना छत्र्यांनी गणित करून पटवर्धनी पंचांग काढलंय, नुकतंच छापलं जाऊ लागलंय. केरूनाना तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, आता पुण्यात शिकवणारे. ग्रह आकाशात खरोखर जिथे दिसतात तिथेच पंचांगात असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. ओटीवरचे एक आजोबा म्हणतात, बापजाद्यांच्या पंचांगाने आमचं काय अडलं होतं? त्यांचा नातू म्हणतो, आजोबा, ग्रहण सांगितल्या वेळेला लागलं पाहिजे ना! मला या वादात नातवाची बाजू घ्यावीशी वाटते, तुम्ही मात्र गप्प राहा. पाहुण्याने पंचांगाच्या वादात पडू नये. एवढंच पाहून घ्या की बंदरावर आणि ब्राह्मण आळीत, दोन्हीकडे महिना चंद्रच मोजून देतो, आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याशी घरच्या माणसाचं असावं तितकं जवळचं भांडण करतात.

"वो रहा!"

भिंतीवरचं पोर ओरडलं. कुठे? त्याच्या बोटाच्या रेषेत बघा. धुराच्या वर, आकाश आंब्याच्या रंगाचं आहे तिथे. आधी काहीच नाही. मग एकदम आहे, पातळ, वाकडी, चांदीची कोर. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने दोन्ही तळवे उघडले. क्षणभर कुणी बोलत नाही, मग सगळे एकदम बोलू लागतात. पोरं धावत सुटली, कारण आता दहा दिवसांत ताबूत उभे करायचे, कामट्या तासायच्या, कागद कातरायचे, बेगड चिकटवायची. कुणाच्या तरी कोपराचा तुमच्या बरगडीत ठोसा बसतो. सांभाळा!

अंधार पडला की गाव लवकर आवरतं. तेल महाग असतं, ते उगाच जाळत नाहीत. भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कांदा खाऊन तुम्ही कुणाच्या तरी अंगणात बाजेवर आडवे होता. सुंभाची वीण पाठीत रुतते. डास कानाशी गुणगुणतात, कडुनिंबाचा धूर केलेला आहे तरीही. आणि मग वर नजर जाते.

असं आकाश तुम्ही पाहिलेलं नाही. गोदामांचे दिवे नाहीत, रस्त्याचे दिवे नाहीत, मुंबईच्या बाजूला उजेडाचा फुगवटा नाही. कोर केव्हाच मावळली. उत्तरेला सप्तर्षी आहेत. शेजारच्या बाजेवरची आजी त्यांना म्हातारीची बाज म्हणते आणि बाजेचे खूर चोरायला आलेले तीन चोर दाखवते. डोक्याजवळ स्वाती, दक्षिणेला चित्रा, आणि आग्नेयेकडून विंचू चढून येतोय, पोटात लाल ज्येष्ठा घेऊन. आजीला घड्याळाची गरज नाही. विंचू अमुक झाडावर आला की अमुक वेळ झाली, बाळंतिणीला उठवायचं, भात भिजत घालायचं. या गावात लिहिता-वाचता येणारे थोडे, पण आकाश वाचता येणारे घराघरात. त्या गोष्टीचा मला हेवा वाटतो.

आणि तरीही, आज रात्री आकाशात एक पाहुणी आहे जी आजीलाही दिसत नाही आणि तांडेलांनाही नाही. ती उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात अंधूक ताऱ्याहून शंभरपटीहून अधिक अंधूक आहे. तिचा उजेड साधारण विसेक मिनिटांपूर्वी तिकडून निघाला आणि आत्ता या अंगणावर, घिरटांवर, खाडीच्या चिखलावर, आजीच्या पांढऱ्या केसांवर पडतो आहे. कुणाला त्याची जाणीव नाही. तिला बघायचं तर बाज सोडावी लागेल.

चला, मद्रासला. मुंबईहून मद्रासपर्यंत सलग रूळ अजून जोडलेले नाहीत, पण आपल्याला रूळ लागत नाहीत. फक्त एक गंमत होईल, तिथे रात्र थोडी पुढे गेलेली असेल. मद्रास पूर्वेला आहे, तिथे तारे भिवंडीपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतात.

हे नुंगमबाक्कम. उकाडा भिवंडीइतकाच, पण घाम इथे वाळतच नाही. नारळाच्या झावळ्या सळसळताहेत, बेडूक ओरडताहेत, आवारात कुणी रखवालदार खोकतोय. वेधशाळा इथे १७९२ पासून आहे. आत शिरताना हाताला गार काहीतरी लागेल. तो ग्रॅनाइटचा खांब आहे, दहा टनांचा, अंगावर शिलालेख कोरलेला. दिवसभराच्या उन्हाने बाकी सगळं तापलंय, फक्त या दगडाच्या पोटात गारवा उरलाय. टेका गाल त्याला क्षणभर.

आवाज करू नका. घड्याळाचे ठोके मोजत एक माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसलाय. नॉर्मन पॉगसन, वय ३७, मूळ नॉटिंगहॅमचा, पाच वर्षांपासून इथला खगोलशास्त्रज्ञ. मघाशी मी शंभरपट म्हटलं ते मापही याचंच. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून बरोबर शंभरपट तेजस्वी धरायचा, हे त्याने दहा वर्षांपूर्वी सुचवलं, आणि आजही जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तेच धरून चालतात. याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी काम करतात. पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले, पुढच्याच वर्षी एक रूपविकारी तारा शोधणारे. पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे हा भिवंडीच्या ओटीवरच्या नातवाचा हट्ट त्यांचाही आहे. तिकडे पुण्यात केरूनाना, इकडे हे.

पॉगसनच्या खांद्यावरून वाका. घाम, गरम पितळ आणि दिव्याच्या तेलाचा वास येईल. मांडीवर आकाशाचा नकाशा आहे, झाकलेल्या दिव्याची एक चिंचोळी तिरीप त्यावर पडली आहे. तो दुर्बिणीत बघतो, नकाशात बघतो, पुन्हा दुर्बिणीत. प्रत्येक ठिपका इथे आहे का, तिथे आहे का. शेकडो ठिपके. आठवली ना दुपारची ती बोटं? तोच विणकर, तेच हजार धागे, आणि चुकीच्या घरात शिरलेला एक.

सापडला धागा! नकाशात नाही, पण आकाशात आहे. आता आनंदाने ओरडू नका, तोही ओरडणार नाही. नकाशा काढणाऱ्याच्या हातून एखादा तारा सुटलेला असू शकतो. म्हणून थांबायचं, शेजारच्या ताऱ्यांपासूनचं अंतर मोजायचं आणि पुन्हा मोजायचं. तारा असेल तर जागचा हलणार नाही. ही हलते. फार हळू, एका रात्रीत चंद्रबिंबाच्या निम्म्याइतकीही नाही. जितकी दूर तितकी चाल मंद, आणि ही बरीच दूर आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याचा बाहेरचा काठ हे तिचं घर. सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटर, एक फेरी पुरी करायला साडेसहा वर्षं. त्या रात्रीपर्यंत जगाला ८६ लघुग्रह ठाऊक होते. ही ८७वी. नाव पडलं सिल्व्हिया.

आता तुमची खरी कसोटी आहे. तुम्ही भविष्यातून आला आहात, तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्हाला ठाऊक आहे की तो ज्याला ठिपका म्हणून टिपतो आहे तो पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा, लांबट, काळपट डोंगर आहे. भिवंडीहून आग्र्याच्या रस्त्याने जवळपास धुळ्यापर्यंत पोचाल एवढा. तो सव्वापाच तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे भिवंडीत एक दिवस उजाडून मावळेपर्यंत तिथे दोनदा सूर्य उगवून मावळतो. तुम्हाला ठाऊक आहे की २००१ मध्ये तिच्याभोवती फिरणारा एक छोटा चंद्र दिसला आणि २००४ मध्ये दुसरा. रोमच्या दंतकथेतल्या ऱ्हिया सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून त्यांची नावं रोम्युलस आणि रीमस ठेवली. दोन चंद्रांसह सापडलेला तो पहिला लघुग्रह. एवढंच नाही. हाच माणूस अडीच वर्षांनी, नोव्हेंबर १८६८ मध्ये, इथूनच कॅमिला शोधणार आहे. तीही त्याच काठावरची, आणि पुढे तिच्याभोवतीही दोन चंद्र सापडणार आहेत.

जिभेवर आलेलं गिळा. सांगितलंत तरी तो विश्वास ठेवणार नाही, आधी मोजून बघेन म्हणेल. त्याचं बरोबर आहे. घामाने डोळ्यांत मीठ उतरत असताना, डास मानेवर बसलेले असताना, तो तिला अंतर मोजून ओळखतो आहे. मला त्या दोन चंद्रांच्या शोधाइतकंच हे मोठं वाटतं. पुढच्या सगळ्यांना ती कुठे शोधायची हे ठाऊक होतं. याला ती आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आता परत भिवंडीला, पण सरळ दहा दिवस पुढे. तोंडावर गरम वारं आणि कानांवर ढोल आदळतील, तयार राहा.

रात्र आहे पण अंधार नाही. मशाली, मशाली आणि मशाली. वर दहा दिवसांचा टपोरा चंद्र. तेलाचा काळा धूर, लोबानचा पांढरा धूर, चिरडलेल्या मोगऱ्याचा वास आणि हजारो अंगांचा घाम. सबिलींवरून सरबत वाटलं जातंय, कुणीतरी मातीचं भांडं तुमच्या तोंडाला लावतं, गूळ आणि बडीशेप जिभेवर पसरते. ताबूत खाडीकडे थंड करायला निघालेत. बेगडीचे मनोरे माणसांच्या डोक्यांवरून डुलत येताहेत, आणि एका मनोऱ्याखाली तो विणकर आहे. गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी. त्याच्या मागे तुम्हाला जवळा देणारी आगरीण लेकराला कडेवर घेऊन उभी आहे, लेकराला ताबुताखालून काढायचं आहे तिला. आजोबा आणि नातू ओटीवरून उतरून आलेत. नातू अजून काहीतरी समजावतो आहे, ढोलांत काही ऐकू येत नाही.

वर बघाल तर तारे फारसे उरलेले नाहीत, चंद्राने आणि मशालींनी धुऊन काढलेत. सिल्व्हिया दहा रात्रींत किंचित सरकली असेल. तिकडे मद्रासला वहीत आकडे वाढले असतील. ते पत्राने आगबोटीवर चढतील, युरोपात पोचतील, कुणीतरी तिची कक्षा मांडेल. या गर्दीत ती वर आहे हे माहीत असलेलं माणूस एकच, तुम्ही. पण सांगणार कुणाला? मिरवणूक आळीच्या तोंडाशी अडली आहे, ताबुताचा कळस एका घराच्या वाशाला लागतोय, मागून रेटा येतोय. विणकर तुम्हाला ओळखतो आणि दंडाला धरून आत ओढतो. खांद्याखाली बांबू येतो, जड, घामाने निसरडा. एक पाय मागे रोवा. चारही बाजूंनी ओरडा सुरू आहे, "झुकाव! बायें से झुकाव!" डावी बाजू तुमच्याकडेच आहे. झुकवा.